पहिले विरजण

आपल्या भागातील वर्तमानपत्रांत, मराठी असोत की तेलुगू, अधूनमधून एक लहानशी सूचना छापून येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून शास्त्रीय उपकरणे घेऊन जाणारे मोठे फुगे आकाशात सोडले जाणार आहेत. काम झाल्यावर उपकरणे पॅराशूटने खाली उतरतील. ती कोणाला आढळल्यास त्यांना हात लावू नये, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पोस्टात कळवावे. पुढे जिल्ह्यांची यादी असते. तीत आपला आदिलाबाद असतो आणि पलीकडचे नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरही असतात. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत बोथ तालुक्याचे इस्लापूर सर्कल, किनवट आणि राजुरा तिकडे गेले, बोथ इकडे राहिले. फुग्याला मात्र ती रेषा ठाऊक नाही. वारा नेईल तिकडे तो जातो.

बहुतेक वाचक ही सूचना ओलांडून बाजारभावाकडे वळतात. कापसाचे दिवस असले तर वळणे रास्तही आहे. पण अशाच एका फुग्याने, २१ जानेवारी २००१ रोजी, मानवाच्या अत्यंत जुन्या प्रश्नांपैकी एक प्रश्न आपल्याबरोबर वर नेला होता: पृथ्वीवर जीव आला कोठून? तो नेण्यामागे एका मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. त्याची हकीकत सांगण्यापूर्वी थोडे मागे जाणे भाग आहे.

आपल्या पूर्वजांनी प्राण्यांचे चार प्रकार मानले. जरायुज म्हणजे वारेतून जन्मणारे, अंडज म्हणजे अंड्यातून येणारे, उद्भिज्ज म्हणजे जमीन फोडून वर येणारे, आणि चौथे स्वेदज, घामातून आणि उबेतून उपजणारे. उवा, लिखा, ढेकूण हे स्वेदजांत मोडत. यात हसण्यासारखे काही नाही. ज्वारीच्या कणगीत पोरकिडे बाहेरून आत जाताना कोणी पाहिले होते? ओल्या शेणात अळ्या दिसतात, त्यांचे आईबाप दिसत नाहीत. युरोपातही ॲरिस्टॉटलपासून दोन हजार वर्षे हीच समजूत होती. इटलीत फ्रान्चेस्को रेडी याने १६६८ साली मांसाच्या बरण्या घेतल्या, काही उघड्या ठेवल्या, काहींवर जाळीदार कापड बांधले. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, झाकलेल्यांत झाल्या नाहीत. म्हणजे अळी मांसातून होत नाही, माशीच्या अंड्यातून होते. एवढे साधे कापड, पण स्वेदजांच्या मताला पहिला मोठा हादरा त्याने दिला.

तरीही डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांचा प्रश्न उरला. तो सुमारे दोनशे वर्षांनी फ्रान्समध्ये लुई पाश्चरने निकालात काढला. हंसाच्या मानेसारख्या वळलेल्या नळीच्या चंबूत त्याने पोषक द्रव उकळून ठेवला. हवा आत जात होती, धूळ मात्र वळणात अडकत होती. द्रव नासला नाही. नळी मोडून टाकली की मात्र थोड्याच दिवसांत तो नासे. १८६२ साली फ्रेंच अकादमीने या कामासाठी त्याला पारितोषिक दिले. सिद्धान्त असा ठरला की जीव जीवापासूनच होतो.

आपल्या घरातल्या गृहिणीला हा सिद्धान्त पाश्चरच्या आधीपासून ठाऊक होता. दुधाला विरजण लागते. ते संपले तर वाटी घेऊन शेजारी जावे लागते. आपल्याकडे तेलुगू घरांत विरजणाला ‘तोडु’ म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सोबत असा आहे. दुधाला सोबत हवी, ही कल्पना मला आपल्या शब्दापेक्षाही अधिक आवडते. पण येथेच पाश्चरने सोडवलेल्या कोड्यातून दुसरे कोडे निघते. शेजारणीने विरजण तिच्या शेजारणीकडून आणले, तिने आणखी कोणाकडून. जीव जर जीवापासूनच होतो, तर पहिले विरजण कोणाचे?

या प्रश्नाला दोन तऱ्हांची उत्तरे देण्यात आली. एक असे की पहिले विरजण येथेच, पृथ्वीवरच्या निर्जीव द्रव्यांतून, फार सावकाश तयार झाले. दुसरे असे की ते बाहेरून आले. दोन्ही पक्षांच्या इतिहासात आपल्या देशाचे आणि आपल्या शेजाऱ्यांचे धागे इतके गुंतलेले आहेत की पाठ्यपुस्तकांत ते का येत नाहीत याचे आश्चर्य वाटते.

पहिल्या पक्षाची सुरुवात डार्विनपासून धरतात. १८७१ साली आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला, हूकरला, लिहिलेल्या पत्रात त्याने एका लहान कोमट डबक्याची कल्पना मांडली होती. तेथे निरनिराळे क्षार, उष्णता, प्रकाश आणि वीज यांच्या योगाने एखादे प्रथिन तयार झाले असेल काय, असा त्याचा तर्क होता. त्याने तो छापला नाही. पुढे १९२४ साली रशियात ओपारिन याने आणि १९२९ साली इंग्लंडात जे. बी. एस. हॉल्डेन याने, एकमेकांची माहिती नसताना, जवळजवळ सारखाच विचार मांडला. आरंभीच्या पृथ्वीच्या वातावरणात मोकळा ऑक्सिजन नव्हता. सूर्याचे अतिनील किरण थेट खाली पोचत होते. त्यांमुळे साध्या वायूंतून कार्बनी द्रव्ये बनली आणि ती समुद्रात साठत गेली. हॉल्डेनने त्या समुद्राला गरम, पातळ सूपची उपमा दिली. खाणारा कोणी नसल्यामुळे ते सूप नासत नव्हते, हा त्यातला मुद्द्याचा भाग. आज असे डबके तयार झाले तर त्यात असलेले जीव ते क्षणात फस्त करतील.

हा हॉल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून कायमचा भारतात आला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्याने काही वर्षे काम केले, पुढे भुवनेश्वरला गेला, भारताचे नागरिकत्व घेतले, धोतर-कुडता घालू लागला. १९६३ साली अमेरिकेतील एका परिषदेत त्याची आणि ओपारिनची भेट झाली, तेव्हा ही कल्पना प्रथम मांडण्याचा मान ओपारिनचा आहे, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला तो वारला. त्याच्या इच्छेनुसार त्याचा देह काकिनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देण्यात आला. जीवाचा आरंभ कसा झाला हे सांगू पाहणाऱ्या माणसाचा देह तेलुगू मुलांनी शरीरशास्त्र शिकण्यासाठी वापरावा, ही गोष्ट आपल्या भागातल्या किती विज्ञान शिक्षकांना ठाऊक असेल?

तर्काला प्रयोगाची जोड १९५३ साली मिळाली. शिकागो विद्यापीठात हॅरॉल्ड यूरे यांच्या हाताखालील विद्यार्थी स्टॅन्ली मिलर याने काचेच्या उपकरणात पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन बंद केले, पाणी उकळत ठेवले आणि वायूंतून विजेच्या ठिणग्या सोडल्या. आठवडाभरात पाणी रंगले आणि त्यात अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांच्या विटा, सापडल्या. मिलरच्या जुन्या प्रयोगांच्या जपून ठेवलेल्या कुप्या त्याच्या मृत्यूनंतर २००८ साली नव्या यंत्रांनी तपासल्या गेल्या, तेव्हा एका संचात बावीस अमिनो आम्ले मिळाली. मात्र विटा मिळाल्या म्हणजे घर मिळाले असे नव्हे. शिवाय त्या काळच्या वातावरणात मिथेन आणि अमोनिया इतके होते काय, याविषयी पुढे शंका घेतली गेली. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनच अधिक असावेत असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात.

मिलरच्या नंतरच्या वर्षी, १९५४ साली, अलाहाबाद विद्यापीठातील कृष्ण बहादूर यांनी सूर्यप्रकाशाच्या साह्याने अमिनो आम्ले तयार झाल्याचा निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. वीज नाही, काचयंत्रांचा मोठा पसारा नाही. उत्तर प्रदेशचे ऊन. १९६०च्या दशकात त्यांनी अशाच मिश्रणांतून वाढणारे, अंकुरासारखे फुटणारे सूक्ष्म गोल मिळवल्याचे सांगितले आणि त्यांना ‘जीवाणू’ हे नाव दिले. आपण मराठीत ज्यांना जीवाणू म्हणतो त्यांच्याशी याचा संबंध नाही. बहादूरांचे जीवाणू म्हणजे जीवाच्या उंबरठ्यावरचे कण. ते सजीव आहेत हा दावा अमेरिकेच्या ‘नासा’ने तपासून पाहिला आणि १९६७ साली तो मान्य झाला नाही. ही तपासणी करणाऱ्यांत सिरिल पोन्नम्पेरुमा होते, मूळचे सिंहली, गॉल शहराचे. मिलरच्या पक्षाचे ते पुढारी. दुसऱ्या पक्षाचे पुढारीही सिंहलीच निघावेत, हा योगायोग पाहा. ते चंद्रा विक्रमसिंघे, कोलंबोचे.

आता आपण त्या दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे फुग्याच्या दिशेने, वळू.

जीवाची बीजे आकाशातून आली हे मत स्वीडनच्या अऱ्हेनियसने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले होते. त्याला नवे बळ दिले केंब्रिजचे फ्रेड हॉइल आणि त्यांचे शिष्य विक्रमसिंघे यांनी. ताऱ्यांमधल्या धुळीत कार्बनी द्रव्य आहे, धूमकेतू ते वाहून आणतात, आणि त्यांच्याबरोबर सूक्ष्मजीवही येतात, असा त्यांचा दावा. हॉइल यांचे दुसरे शिष्य म्हणजे आपले जयंत नारळीकर. कोल्हापूरला १९३८ साली जन्मलेले, वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे बालपण काशीत. १९५७ साली केंब्रिजला गेले, १९७२ साली परत आले, १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ उभी केली.

मराठी वाचकाला ते वेगळ्याच वाटेने भेटले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने गोष्ट पाठवली. स्वतःची आद्याक्षरे उलटी फिरवून नाव बनवले, परीक्षकांवर नावाचे दडपण नको म्हणून. गोष्टीला बक्षीस मिळाले. सीमेच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना, ज्यांच्या मुलांना विज्ञान एका भाषेत, बाजार दुसऱ्या भाषेत आणि घर तिसऱ्या सुरात मिळते, त्यांना या माणसाचे ऋण अधिक वाटते. कृष्णविवर हा शब्द आपल्या घरात त्यांच्या हातून आला.

हॉइल आणि नारळीकर यांना बाहेरून आलेल्या जीवाची कल्पना जवळची का वाटली असावी, याचा विचार करण्यासारखा आहे. दोघेही स्थिर-स्थिती विश्वाचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या मते विश्वाला सुरुवातच नव्हती. आणि विश्वाला सुरुवात नसेल, तर पहिल्या विरजणाचा प्रश्न आपोआप मिटतो. वाटी एका शेजारणीकडून दुसरीकडे अनादी काळ फिरत आली, एवढे म्हटले की झाले. पण १९६५ साली अवकाशातील सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडल्यापासून बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. आजच्या हिशेबाने विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. मग वाटी कितीही लांबून आली तरी कोठेतरी पहिल्यांदा दूध लागलेच असले पाहिजे. धूमकेतूवादाची ही खरी अडचण आहे. बी आदिलाबादच्या दुकानातून आणले हे सांगितल्याने बी कसे झाले ते कळत नाही.

तरीही बी खरोखर दुकानातून आले की नाही, हे तपासणे शक्य होते, आणि नारळीकरांनी तेच केले. युक्तिवाद सरळ आहे. आपल्या अक्षांशावर ढग, पाऊस, वादळे यांचा खेळ सुमारे सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत चालतो. त्याच्यावर स्थितांबर. तेथे जमिनीवरची धूळ सहसा पोचत नाही, पोचली तरी हळूहळू खाली बसते. मग चाळीस किलोमीटरवर जिवंत सूक्ष्मजीव सापडले, तर ते वरून येत असण्याची शक्यता धरावी लागेल.

‘इस्रो’ने यात भाग घेतला. पोलादाच्या निर्जंतुक, आतली हवा काढून टाकलेल्या नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून वर न्यायच्या. निऑन उणे २४६ अंशांच्या आसपास उकळते. त्या गारठ्यात नळीचे तोंड उघडले की बाहेरची विरळ हवा आत येऊन गोठते. २००१च्या उड्डाणातील नमुने ब्रिटनमध्ये कार्डिफ आणि शेफील्ड येथे तपासले गेले. पेशींचे पुंजके दिसल्याचे, काही जीवाणू आणि एक बुरशी वाढवता आल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी, २० ऑगस्टला, हॉइल वारले. सापडलेले जीव पृथ्वीवरच्या ओळखीच्या जातींचेच होते, म्हणून ते येथलेच चिकटले असणार, अशी टीका झाली. ती गैर नव्हती.

मग २० एप्रिल २००५ रोजी दुसरे उड्डाण झाले. या वेळी ४५९ किलोचा भार, त्यात ३८ किलो निऑन आणि सोळा नळ्या. वीस ते एकेचाळीस किलोमीटर या उंचीवरची हवा गोळा झाली, नळ्या पॅराशूटने उतरल्या. नमुने मुद्दाम दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तपासायचे ठरले: हैदराबादचे सीसीएमबी आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. निकाल १६ मार्च २००९ रोजी जाहीर झाला. जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या. नऊ जीवाणू ओळखीच्या जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळत होते. तीन मात्र नव्या जाती ठरल्या. त्यांना नावे दिली गेली: जॅनिबॅक्टर हॉयली हे हॉइल यांच्या स्मरणार्थ, बॅसिलस इस्रोनेन्सिस हे इस्रोवरून, आणि बॅसिलस आर्यभट्टाई. तिन्ही जाती आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा अतिनील किरणांना अधिक दाद न देणाऱ्या निघाल्या.

बातम्यांत ‘परग्रहावरचे जीव सापडले’ असा सूर लागायला वेळ लागला नाही. इस्रोच्या निवेदनात मात्र तसे नव्हते. हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत हे या अभ्यासाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पण काम पुढे नेण्यास उत्तेजन मिळते, एवढेच त्यात म्हटले होते. ज्यांचे सारे आयुष्य एका मताच्या बाजूने गेले, ज्यांच्या गुरूचे नाव त्या जीवाला दिले गेले, त्यांच्या प्रयोगातून हे वाक्य बाहेर पडले आहे. मला या साऱ्या हकिकतीत तीन नव्या जातींपेक्षा हे वाक्य मोठे वाटते.

पुढच्या घटनांनी हा सावधपणा योग्य ठरवला. बॅसिलस आर्यभट्टाई नंतर जमिनीत, झाडांच्या मुळांजवळही सापडला. पिकांच्या वाढीस मदत करणारा म्हणून त्याचा अभ्यास होऊ लागला, आणि २०२० साली वर्गीकरणात त्याला दुसऱ्याच प्रजातीत, ‘प्रीस्टिया’त, बसवण्यात आले. म्हणजे आकाशातला पाहुणा आपल्याच वावरातला रहिवासी निघाला. तसेच १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळच्या हुंगा ज्वालामुखीचा लोट सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत गेला. पृथ्वी आपली धूळ एवढ्या उंच फेकू शकते हे सर्वांनी पाहिले. २००५चे जीव असेच गेले असे यावरून ठरत नाही, पण ‘येथून तेथे जाणे शक्यच नाही’ हा खांब मात्र डळमळीत झाला.

दुसऱ्या पक्षाचे सारेच फुकट गेले असेही नाही. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत अमिनो आम्ले सापडली; ती शोधणाऱ्यांत पुन्हा पोन्नम्पेरुमा होतेच. २०२३च्या सप्टेंबरात ‘बेन्नू’ या लघुग्रहावरची १२१ ग्रॅमांहून थोडी अधिक माती अमेरिकेत उतरवण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. जीवसृष्टी वापरते त्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा तीत आहेत, डीएनए आणि आरएनएची पाचही मूळ अक्षरे आहेत. विरजण बाहेरून आले नसेल, पण दुधाचा काही भाग बाहेरून आला असावा. जयंतराव २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले. त्याआधी चार महिने ही बातमी आलेली होती.

ज्या घरात धार्मिक पुस्तके वाचली जातात तेथे कोणीतरी लगेच म्हणते की हे सारे आपल्या नासदीय सूक्तात आहे. ते सूक्त विश्वाच्या आरंभाविषयी आहे, जीवाच्या नव्हे, आणि त्यात उत्तर नाही, प्रश्न आहे. तो प्रश्न तसाच राहू देण्यात त्या ऋषींचा मोठेपणा. त्यांच्या तोंडी अमिनो आम्ले घालण्याची गरज नाही. असो.

आपल्या मातीत याचा पुरावा शोधायला जाल तर निराशा होईल. आदिलाबादच्या पठारावरचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. पेनगंगेच्या खोऱ्यातला, सिमेंटसाठी खणलेला चुनखडक त्याहून कितीतरी जुना. तेलंगणातला ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. पृथ्वीचे वय ४५४ कोटी, आणि जीवाच्या बऱ्यापैकी मान्य झालेल्या सर्वांत जुन्या खुणा पश्चिम ऑस्ट्रेलियात, सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या. त्याच्याही आधी जे घडले त्याची पाने पृथ्वीने स्वतःच वितळवून टाकली आहेत. म्हणूनच हा प्रश्न प्रयोगशाळेत, फुग्यावर आणि लघुग्रहावर जाऊन विचारावा लागतो.

आता एक कडू गोष्ट. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग गाळण्यात आला, आणि त्याबरोबर जीवाच्या उगमावरचा मजकूरही. देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षकांनी पत्र लिहून त्याला विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे, असे उत्तर मिळते. पण आपल्या तालुक्यातली किती मुले, त्यातही किती मुली, बारावीला जीवशास्त्र घेतात? दहावीनंतर ज्यांचे शिक्षण कापसाच्या वेचणीत संपते, त्यांना हा प्रश्न कोणी विचारलाच नाही असे होईल. सुदैवाने महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे.

आमच्या शाळेत २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी नववीची मुले दोन बाटल्यांत डाळीचे उकळलेले पाणी ठेवतात. एकीचे तोंड उघडे, दुसरीचे कापसाच्या घट्ट बोळ्याने बंद. कापूस गावचाच असतो. उघडी बाटली दोन-तीन दिवसांत गढूळ होते, बंद बाटली बहुधा आठवडा काढते. कधी कधी तीही नासते. मग बोळा सैल होता की पाणी कमी उकळले यावर मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत वाद होतो, आणि प्रयोग पुन्हा मांडावा लागतो.